हेलिगोलँडला बारा बटणं

ओलोमोउत्समध्ये, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आमचं दुकान म्हणजे दोन खोल्या आणि एक वेबसाइट.
पुढच्या खोलीत मी, लिफाफे, वजनकाटा.
मागे माझा भाऊ लुबोर
जुन्या अकॉर्डियनच्या रीड कानशीने घासतो,
मध्येच हात वर करतो,
म्हणजे मी श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

तीन वर्षं वहीवर भागलं.
मग ल्योंमधल्या कुणी कुणाला आमचं नाव सांगितलं,
आणि परदेशातली विक्री दहा हजार युरोंपुढे गेली.
लुबोरने खालून केक आणला.
मेणबत्ती विझायच्या आत
हिशेबनीस ह्रुश्कोवाबाईंचा फोन:
आता माल जाईल तिथला कर.
हंगेरीत सत्तावीस, लक्झेंबर्गात सतरा,
फिनलंडात साडेपंचवीस.
तो वरचा अर्धा टक्का कुणाच्या डोक्यातून निघाला असेल,
या विचारात माझी एक रात्र गेली.

जानेवारीची एकोणतीस. परवा विवरण भरायचं.
टेबलावर तीन सॉफ्टवेअर,
तिन्ही चौदा दिवस फुकट,
आणि तेरा दिवस मी नुसती
एकीकडून दुसरीकडे जाते आहे,
चपला घालून बघावं तशी.

पहिलं देखणं. त्याच्या आलेखात
तोटासुद्धा दागिन्यासारखा दिसतो.
महिन्याला एकोणपन्नास युरो,
आमच्या बटणांच्या धंद्याला नाकापेक्षा मोती जड.
दुसरं स्वस्त. पण मी चेकमध्ये काही विचारलं
की त्याची मदतीची खिडकी म्हणते,
तुमचा दिवस आनंदात जावो.
तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा रात्रीचे दोन वाजले होते.
तिसऱ्याचा चेहरा सरकारी, करडा,
अक्षरं इतकी बारीक
की लुबोरचा चष्मा मागून घेतला.

तेवढ्यात ऑर्डर आली.
ओनो ल्यूर्स, हेलिगोलँड, जर्मनी.
शिंपल्याच्या रंगाची बारा बटणं.
खाली टीप: मी बंदरावर वाजवतो.
वाऱ्याने बटणं उडत नाहीत,
नातू काढतो.

पहिल्याने एकोणीस टक्के लावून हिरवी खूण केली.
दुसऱ्यानेही केली, वर एक फुगा सोडला.
तिसरं थांबलं.
ते गोल फिरत राहिलं, मला वाटलं बंद पडलं.
मग एक ओळ उमटली:
हा पत्ता जर्मनीतला आहे, पण व्हॅटच्या हद्दीबाहेरचा.
निर्यात धरायची का?
खात्री नसेल तर जाणकाराला विचारा.

मी नकाशा उघडला.
समुद्रात एकटाच तांबडा खडक,
पोस्ट जर्मनीचं, झेंडा जर्मनीचा,
करापुरता तेवढा परका.

सकाळी ह्रुश्कोवाबाईंना विचारलं.
पलीकडे बराच वेळ कागद उलटले.
"बरोबर आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"
मी म्हटलं, एक जण अडखळला.

लुबोर एकदा म्हणाला होता,
दोन रीड काट्याला काटा जुळवल्या
तर सूर बरोबर येतो, पण मेलेला.
एक केसभर वर ठेवायची,
मग तो थरथरतो.
तेव्हा मी लिफाफे मोजत होते, नीट ऐकलं नव्हतं.

तर सतरा युरो महिना, करडं ते घेतलं.
पहिल्या दोघांनी निरोपाचे मेल पाठवले,
एकाने रडका चेहराही.

पार्सलवर कस्टम्सचा कागद चिकटवला.
वस्तू: बटणे. नग: बारा. कर: शून्य.
तेवढ्यात लुबोर मागून आला,
पाकीट उघडून
एक जास्तीचं बटण आत टाकलं.
नातवासाठी, म्हणाला.

मी परत खुर्चीवर बसले.
तेरावं, किंमत नाही, बिल नाही,
कुठल्या रकान्यात?
टाइप केलं.
ते गोल फिरायला लागलं.